काठीतला लोहचुंबक

धुळाप्पाला सोलापूर स्टेशनात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला बॅटरीवाला म्हणत. तारऑफिसात आणि सिग्नलच्या केबिनमध्ये लाकडी कपाटातून काचेच्या बरण्या मांडलेल्या असायच्या, त्यांत नवसागराचं पाणी घालायचं, जस्ताच्या कांड्या खरवडायच्या, पांढरी साय धरलेले तार-जोड पुसून लख्ख करायचे, हे त्याचं काम. सोलापूर, होटगी आणि मधली ठाणी मिळून तो हे काम बारा वर्षं करत होता. पगार बेताचा, पण आपल्यावाचून आगगाड्या जागच्या हलणार नाहीत अशी त्याची मनातून पक्की समजूत होती, आणि ती अगदीच खोटी होती असं मला तरी वाटत नाही.

जातीने धनगर, मूळचा सांगोल्याकडचा. बापाच्या मागे पन्नास मेंढरं होती. ती दुष्काळाने नेली आणि धाकट्या भावाला, कोंडीबाला, मानमोडीच्या साथीने नेलं. मग आईचा हात धरून धुळाप्पा सोलापूरला आला आणि रेल्वेत चिकटला. मेंढरामागे हिंडायचं सोडून विजेच्या नादाला लागलेला धनगर म्हणून लोक त्याची थट्टा करत. थट्टेला कारणही होतं. घरातल्या फळीवर तांब्याच्या तारेची वेटोळी, मोडक्या घंटा, रंग उडालेली होकायंत्राची सुई असा पसारा भरलेला असे, आणि त्याची बायको तानाबाई तांदूळ निवडताना त्यात तारेचे तुकडे सापडतात म्हणून नित्य कुरकुरत असे. सुट्टीच्या दिवशी हा गडी उंबऱ्यात बसून तारा जोडायचा आणि घंटा वाजली की लहान पोरासारखा हसायचा.

फळीवरची त्याची सगळ्यांत लाडकी चीज म्हणजे घोड्याच्या नालासारखा एक लोहचुंबक. मोडीत निघालेल्या टेलिफोनमधला. एका म्हाताऱ्या सिग्नल इन्स्पेक्टरने निवृत्त होताना तो त्याला दिला होता, आणि देताना बजावलं होतं की याला तापवू नको, पाडू नको, ठोकू नको. ठोके बसले की चुंबक मरतो. धुळाप्पाने ते मनावर घेतलं होतं. तो नाल मऊ फलालीनच्या कापडात गुंडाळलेला असे, त्याच्या दोन पायांवर लोखंडाची पट्टी आडवी लावलेली असे, आणि तानाबाईने तो उचललेला त्याला खपत नसे.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात आईचं डोकं बिघडलं. आईचं नाव मायाक्का. म्हातारी काटक होती, दात शाबूत होते, भाकरी स्वतः चावून खात होती, पण डोक्यातली वर्षं सगळी एकमेकांत मिसळून गेली. दुपार कलली की ती उठायची, डोईवर पदर घ्यायची, काठी उचलायची आणि चालू लागायची. कुठं निघालीस विचारलं तर म्हणायची, कोंडीबा मेंढरं घेऊन अजून आला नाही. कोंडीबाला जाऊन सोळा वर्षं झाली होती. पहिल्यांदा ती शेजारच्या जगदेवीच्या दारात सापडली, दुसऱ्यांदा बाजारात. तिसऱ्यांदा ती रुळांमध्ये उभी होती आणि मालगाडीच्या ड्रायव्हरने शिट्टी मारून मारून गाडी कशीबशी थांबवली होती.

शेजारीपाजारी शहाणपण सांगायला टपलेलेच असतात. कुणी म्हणालं खोलीला कडी घाला, कुणी म्हणालं पायात दोरी बांधा. मेंढराला बांधतात तसं आईला बांधायचं, हे धुळाप्पाच्या गळी उतरेना. जिने उभा जन्म माळावर काढला, चार भिंती जिला कधी सोसल्या नाहीत, तिला कोंडलं तर ती चार दिवसांत मरेल असं तो म्हणाला. आई मोकळी राहिली पाहिजे आणि तिने उंबरा ओलांडला की घरात कळलं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता.

आधी त्याने दाराला मेंढीच्या गळ्यातली घंटी बांधली. म्हातारीने घंटीतला लोळा मुठीत धरला, दार अलगद उघडलं आणि बाहेर पडली. असल्या घंट्या गप्प करण्यात तिचा जन्म गेला होता. मग त्याने दाराच्या चौकटीत विजेची घंटा जोडली, दार उघडलं की वाजणारी. ती मात्र कुणीही आलं तरी वाजे. तानाबाई पाण्याला गेली वाजली, जगदेवी ताक मागायला आली वाजली, कुत्रं शिरलं वाजली. आठ दिवसांत तानाबाई त्या घंटेला इतकी सरावली की वाजली तरी मान वर करेना. ज्या घंटेकडे कुणी बघत नाही ती असून नसून सारखीच, हे धुळाप्पाला कळलं. घंटा फक्त आईसाठीच वाजायला हवी होती.

आणि मग त्याला काठी दिसली. म्हातारी काठीशिवाय पाऊल टाकत नसे. बाभळीची, नवऱ्याच्या हातची, तेल पिऊन काळी झालेली. दाराबाहेर पडताना उजवा हात चौकटीला, डाव्या हातातली काठी उंबऱ्यावर टेकायची, मग पाय उचलायचा. इतक्या वर्षांत उंबऱ्याच्या लाकडात काठीची एक खळगी पडली होती. काठीच्या टोकात चुंबक बसवला आणि खळगीखाली चुंबकाने ओढली जाणारी पातळ पट्टी बसवली, तर आईने काठी टेकवली की पट्टी वर ओढली जाईल, तार जुळेल आणि मागच्या अंगणात घंटा वाजेल. इतर कुणी कितीही ये-जा केली तरी घंटा गप्प. युक्ती सुचली त्या दिवशी त्याने तानाबाईला ती दोनदा समजावून सांगितली, आणि तिला ती पहिल्याच वेळी कळली होती.

पट्टी मिळणं सोपं नव्हतं. घड्याळवाल्या चन्नप्पाकडून त्याने घड्याळाच्या कमानीचा तुकडा आणला. तो छान लवचिक होता, पण दोन दिवसांत स्वतःच चुंबक होऊन बसला. एकदा चिकटला की सुटेना आणि घंटा बोंबलत राही. कडक पोलाद चुंबकाचा गुण धरून ठेवतं, मऊ लोखंड लगेच विसरतं, हे त्याला तेव्हा उमगलं. शेवटी घासलेटच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, ती बरोबर वागली. पट्टी जिथं टेकते तिथं गंज धरू नये म्हणून चांदी हवी होती. तानाबाईने आपलं तुटलेलं जोडवं पेटीतून काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्यातले दोन कण त्याने पट्टीच्या टोकाला आणि वरच्या खिळ्याला डाग देऊन बसवले.

काठीत नालाच्या आकाराचा चुंबक मावणार नव्हता. टेलिफोनच्याच घंटेमागची बोटाएवढी सरळ चुंबकाची पट्टी निघाली, ती नेमकी बसत होती. वर पितळेची टोपी, कारण लोखंडाची टोपी चुंबकाची ओढ आतल्या आत गिळून टाकते. आता अडचण एकच होती. म्हातारी काठी हातातून सोडत नसे. झोपली तरी उशाशी, आणि कुणी हात लावला तर ओरडून घर डोक्यावर घेई. वर्षातून एकच दिवस ती काठी आपणहून देत असे, खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दिवसभर त्यांना विश्रांती देतात. धनगराची काठी हेही हत्यारच. म्हातारी बाकी सगळं विसरली होती, हे मात्र विसरली नव्हती.

त्या खंडेनवमीला तिने काठी पाटावर ठेवली, नमस्कार केला आणि भिंतीला टेकून बसली. हत्याराला हात न लावण्याच्या दिवशी धुळाप्पाने कोपऱ्यात पाठ करून काठीचं टोक कोरलं, चुंबक आत दाबून बसवला, टोपी घातली. पाप लागेल असं तानाबाई म्हणाली. आईसाठी करतोय, देव समजून घेईल, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मायाक्का उठली, उंबऱ्यापाशी आली, काठी खळगीत टेकवली, आणि मागच्या अंगणात घंटा खणखणली. तानाबाई धावत आली आणि सासूला हाताला धरून म्हणाली, चला, मेंढरं आली वाड्यात. म्हातारी मुकाट्याने परत फिरली. धुळाप्पाला हे संध्याकाळी कळलं तेव्हा त्याने जेवताना चार वेळा विचारलं, घंटा कशी वाजली, किती वेळ वाजली.

जवळजवळ वर्षभर हे बिनबोभाट चाललं. तानाबाई मागच्या अंगणात एका तेलुगू विणकऱ्यासाठी कांड्या भरायची. रहाट फिरवून सूत गुंडाळत बसायची, घंटा वाजली की उठायची. म्हातारी ओसरीवर बसलेली असे. बसल्या बसल्या काठी फरशीवर आपटायची, टक टक टक, एका लयीत. माळावर मेंढरं मोजताना धनगर अशीच काठी टेकवतो. दिवसभर ती टकटक घरात ऐकू यायची आणि धुळाप्पाला वाटायचं, आई सुखात आहे. दर रविवारी तो घंटेची तपासणी करी. फलालीनमधून नालाचा चुंबक काढायचा, खळगीवर धरायचा, घंटा वाजली की नीट गुंडाळून परत ठेवायचा. घंटेच्या बॅटरीच्या बरण्यांतलं पाणी बघायचा, चांदीचे कण पुसायचा. काठी मात्र कधी तपासली नाही. काठी आईच्या हातात होती, ती मागितली तर आई आकांत करणार, आणि खंडेनवमी आता जवळच आली होती. त्याने ठरवलं होतं की त्या दिवशी बघू.

भाद्रपदातल्या एका सोमवारी तो होटगीहून परतला तेव्हा तानाबाई दारात उभी होती. म्हातारी घरात नव्हती. दुपारी भाकरी खाल्ली होती, ओसरीवर बसली होती, आणि नंतर केव्हा उठून गेली हे कळलंच नव्हतं. जगदेवीच्या घरच्यांनी रूळ पालथे घातले होते, तानाबाई बाजारापर्यंत जाऊन आली होती.

धुळाप्पाने पहिल्यांदा काय करावं? आईला शोधायला धावावं की नाही? तो आत गेला, फलालीनमधून चुंबक काढला आणि खळगीवर धरला. घंटा खणखणीत वाजली. दारात शेजारणी जमल्या होत्या, त्यांच्यासमोर तो बायकोकडे वळला.

"घंटा तर वाजतीया. म्हंजी आई गेली तवा बी वाजलीच आसंल. तुज्या रहाटाच्या घरघरीत तुला ऐकू आली न्हाय."

"रहाट बंद हुता," तानाबाई म्हणाली. "सुताचा गुंता सोडवत बसले हुते. वाजली न्हाय, अवो. खरंच वाजली न्हाय."

"वाजली न्हाय आसं हुतंच न्हाय," तो म्हणाला.

मला त्याचा राग येतो, आणि कीवही. दुसऱ्याला बोल लावला की आपलं ओझं घटकाभर हलकं होतं, आणि त्या घटकेला त्याला तेवढंच हवं होतं. डोक्यावर पदर घेऊन तानाबाई सगळ्यांच्या पुढे शोधायला निघाली.

दोन दिवस शोधाशोध झाली. बुधवारी दुपारी खांद्यावर घोंगडं टाकलेला एक माणूस स्टेशनात आला आणि तारेत कामाला असलेला धनगर कोण, असं विचारू लागला. त्याचं नाव श्रीमंत. सीना नदीच्या काठी त्याची मेंढरं बसली होती. मंगळवारी दुपारी एक म्हातारी चालत चालत त्याच्या मेंढरांच्या वाड्याशी आली होती. पाय सोललेले, अंगात ताप. त्यांनी दूध दिलं, घोंगड्यावर निजवलं. आपला ल्योक सोलापुरात तारेत आहे, एवढं ती सांगू शकली. बुधवारी उजाडताना ती गेली.

धुळाप्पा त्याच्याबरोबर गेला. वाटेत श्रीमंतने सांगितलं की म्हातारी तापात होती तरी उठून बसली होती आणि काठी टेकवत त्यांची मेंढरं मोजत होती. मोजून झालं की म्हणायची, एक कमी हाय, कोंडीबा आणायला गेलाय. धुळाप्पाने आईला पाहिलं तेव्हा तिच्यावर परक्याचं घोंगडं पांघरलेलं होतं आणि काठी कुशीत होती. नदीकाठीच तिला माती दिली. काठी तेवढी तो घरी घेऊन आला आणि कोपऱ्यात उभी केली.

तेरा दिवस झाले, घर पुन्हा चालू लागलं, पण त्या दोघांत बोलणं उरलं नाही. करमाळ्याकडे दिलेली लेक दिवसकार्याला आली, तिच्याही कानावर आधीच गेलं होतं की रहाटाच्या नादात आजी गेली. ती आईशी तुटक वागली आणि तशीच परत गेली. तानाबाई दिसली की पाण्यावर बायका गप्प होत. तिने रहाट माळ्यावर टाकला. विणकरी दोनदा विचारायला आला, तिने मान हलवून नाही म्हटलं. धुळाप्पाला हे सगळं दिसत होतं. आपण बोललो ते जरा जास्तच झालं असं त्याला कधी कधी वाटे, पण खोटं बोललो असं वाटत नसे. घंटा वाजली होती, त्याने स्वतः वाजवून पाहिली होती.

खंडेनवमी आली. दुखवट्याच्या वर्षी सण नसतो, तरी हत्यारं पुजावीच लागतात. धुळाप्पाने पकड, पेचकस, कानस धुऊन पाटावर मांडली, फलालीन सोडून चुंबक ठेवला, आणि शेवटी आईची काठी. पाटावर कानशीतून झडलेला लोखंडाचा कीस पडला होता. नालाच्या टोकांना तो लगेच दाढीसारखा उभा राहिला. काठीच्या टोकाजवळही कीस होता. तो जसाच्या तसा पडून राहिला.

धुळाप्पाने हळदकुंकवाचा करंडा खाली ठेवला. काठी हातात घेतली. टोपी काढायला पकड लागणार होती, तिला आज हात लावायचा नव्हता, तरी त्याने लावला. आतून बोटाएवढी पट्टी निघाली. ती त्याने टाचणीला लावली. टाचणी उचलली गेली नाही. दुसरी टाचणी घेतली, तीही नाही. मग तो गुडघ्यावर उंबऱ्याशी बसला आणि पट्टी खळगीत ठेवली. उलटी करून ठेवली. दाबून ठेवली. घंटा वाजली नाही.

वर्षभर आई काठी फरशीवर आपटत होती, टक टक टक, आणि दर ठोक्याला चुंबक थोडा थोडा मरत होता. ठोकू नको, हे त्याला म्हाताऱ्या इन्स्पेक्टरने सांगितलं होतं. एक चुंबक त्याने फलालीनमध्ये जपला आणि दुसरा ठोके खाणाऱ्या काठीच्या टोकात बसवला. आणि दर रविवारी तपासणी केली ती जपलेल्या चुंबकाने.

खात्री करावी म्हणून त्याने नाल उचलून खळगीवर धरला. घंटा वाजली तशी तानाबाई मागच्या अंगणातून धावत आली. महिनाभर ती घंटा कुणी वाजवली नव्हती. ओल्या हातांनी ती दारात थबकली, नवऱ्याला उंबऱ्याशी बसलेला पाहिलं, काठी पाहिली, उघडलेली टोपी पाहिली.

"वाजलीच न्हवती, ताने," धुळाप्पा म्हणाला. "काठीतला चुंबक मेलाय. तू म्हनत हुतीस त्येच खरं हुतं."

तानाबाईने ती पट्टी उचलून हातात घेतली.

"मला त्या दिशी ठावं हुतं की," ती म्हणाली. "पर तुमी इतकं ठासून म्हनलात, मग मलाच वाटाय लागलं, वाजली आसंल. आता झोपंत सुदीक ऐकू येती मला. म्हातारी उंबऱ्यात हुबी हाय, घंटा वाजतीया, आन् मी उठत न्हाय."

धुळाप्पा रडला. बायकोसमोर तो आधी कधी रडला नव्हता, आईला माती देतानाही नाही. मग उठून त्याने माळ्यावरचा रहाट काढला, धूळ पुसली, पाटावर आपल्या पकडीशेजारी मांडला आणि त्याला हळदकुंकू लावून हात जोडले. तानाबाई बघत होती. त्या दिवशी तिने रहाटाला हात लावला नाही, खंडेनवमीला लावायचाही नसतो.

पुढे तो जगदेवीकडे गेला, विणकऱ्याकडे गेला, लेकीला चन्नप्पाकडून पत्र लिहवलं, आणि घंटा वाजलीच नव्हती हे सगळ्यांना सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या. पण चुंबक मरतो ही गोष्ट समजायला कठीण, आणि रहाटाच्या नादात म्हातारी गेली ही सोपी, त्यामुळे वस्तीत शेवटपर्यंत दुसरीच चालली. उंबऱ्यातली पट्टी धुळाप्पाने काढून टाकली, घंटा उतरवून मोडीत दिली, आणि जोडव्याचे चांदीचे दोन कण कागदात बांधून तानाबाईच्या पेटीत ठेवले.

दिवाळीनंतर ती पुन्हा कांड्या भरायला बसली. घरात आता कुणी बाहेर जाणारं नव्हतं आणि वाजणारंही काही नव्हतं. तरी दर थोड्या वेळाने ती रहाट हाताने थांबवायची, दाराकडे कान द्यायची, आणि काही ऐकू आलं नाही की पुन्हा फिरवायची.